काळ्या रेतीत

चर्चची घंटा तडकली
ती अण्णांच्या मातीच्या दिवशी.
तिसऱ्या टोल्याला आवाज फाटला.
पाळकसाहेबांनी मान वर केली, एवढंच.
मग पंचांनी भोंगा बसवला,
त्यात दुसऱ्याच कुठल्या गावची घंटा भरलेली.
रविवारी साडेआठला ती खरखरायची
आणि मला अण्णा आठवायचे
त्या तडकलेल्या बाजूनं.

मी केतुरा समुद्रे.
उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं दुकान.
सागवानात पंपांची पोटं, इंजिनांच्या टोप्या
अण्णा कोरायचे, आता मी कोरते.
छिन्नी त्यांचीच. मूठ मला मोठी होते,
म्हणून तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय.

दर्शन-बिर्शन काही झालं नाही.
पहाटे नळाला पाणी आलं होतं.
बादली भरताना तिचा सूर चढत जातो ना,
तेवढ्यात कळलं.
हाक कुणी मारली नाही,
पण कुणीतरी बोलायचं थांबलं
आणि आता माझी पाळी, असं झालं.

फाउंड्रीत गेले.
बापूसो म्हणाला, "काय करनार म्हनलीस?"
"घंटा."
अख्खी शिफ्ट हसली.
क्रेनवरचं पोरगं तर खाली बसून हसलं.
म्हटलं, हसा,
पण दर सांगा. तांबं माझं, कथील माझं,
भट्टी तेवढी तुमची.

आई म्हणाली, देवानंच सांगितलंय कशावरून?
पंच म्हणाले, प्रार्थना करू.
पंच असं म्हणाले की समजायचं, नको.
मीही केली प्रार्थना, माझ्या पद्धतीची.
तिच्यात शब्द फार नसतात,
भुसा असतो.

संडे स्कूलला एक दाखला शिकवायचे,
धन्याचं नाणं मातीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा.
मला त्याची दया यायची.
चोरी केली नाही, उधळलं नाही,
नुसता भ्याला.
आता वाटतं, पुरतो तर आम्हीही रोज.
काळ्या ओल्या रेतीत साचा दाबून बसवतो,
पण मग तो अलगद काढून घेतो
आणि जी पोकळी राहते
तिच्यात आग ओततो.
त्या बिचाऱ्यानं निम्मंच काम केलं.

पहिली घंटा मेली.
रेतीत वाफ अडकली असणार,
कमरेला बोटभर भोक.
अण्णांची लूना विकून घेतलेलं कथील होतं ते.
त्या रात्री रंकाळ्याच्या कट्ट्यावर
भाजलेलं कणीस खात
मी देवाशी भांडले, मोठ्यानं.
शेजारचं जोडपं उठून गेलं.
देव बसून राहिला असावा,
कारण कणीस संपेपर्यंत
माझा राग बराचसा खाऊन झाला होता.

"फोड की," बापूसो म्हणाला,
"धातू वाया जात न्हाई. वितळला की पुन्ना कोरा.
मानसाचंच काय ते कळत न्हाई."
घणाचे नऊ घाव लागले.
दहावा घालायला हात उचलला
तर फोडायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला रेती त्यानं स्वतः चाळली,
न सांगता.
क्रेनवरच्या पोरानं ओतताना टोपी काढली,
का, ते त्यालाही माहीत नसेल.

थंड व्हायला दीड दिवस.
रेती झाडली, पान्यानं एकदा ठोकली.
सूर मी मागितला होता
त्याहून जरा खालचा लागला.
दारातला चहावाला म्हणाला, "आयला,"
आणि किटली खाली ठेवली.
कुणी हसलं नाही.

पंचांची सभा अजून व्हायचीय.
हिशेब मागतील, परवानगी विचारतील,
बाईमाणसानं केलेली, असंही कुणी म्हणेल.
म्हणू देत.
घंटा सध्या दुकानात आढ्याला टांगलीय.
पहाटे नळाला पाणी येतं,
बादलीचा सूर चढत जातो,
आणि एका ठरावीक पाण्याला
ती आपोआप गुणगुणते,
हात न लावता.
मग मी नळ बारीक करते
आणि पाणी तिथंच
जितका वेळ धरता येईल तितका वेळ
धरून ठेवते.